विखुरलेली पथके आणि एकच ताळमेळ

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील व्यापारी घरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत झालेला एक बदल सर्वांच्याच नजरेस आला असेल. ज्या घरातील मुलाला दहावीनंतर धान्याच्या, कापडाच्या अथवा भांड्यांच्या दुकानाच्या गादीवर बसवीत असत, त्या घरातील मुलगा, मुलगी किंवा सून आज पुण्याच्या, हैदराबादच्या अथवा नागपूरच्या संगणक कंपनीत नोकरी करीत आहे. टाळेबंदीच्या काळात यांपैकी पुष्कळ मंडळी घरी परतली आणि माडीवरच्या खोलीतून सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकांची कामे करू लागली. तेव्हापासून ‘स्क्रम’, ‘स्प्रिंट’, ‘स्टँड-अप’ हे शब्द वडीलधाऱ्यांच्या कानांवर रोज पडतात. परंतु त्यांचा अर्थ विचारावयाचा कोणाला, हा संकोच असतो.

हा विषय समजून घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या मुलांचा दिवस आणि पुष्कळदा रात्रही या पद्धतीनुसार चालते. दुसरे असे की, शेकडो माणसे निरनिराळ्या गावी बसून एकच वस्तू कशी घडवितात, हा प्रश्न मुळात व्यापाराचाच आहे. एका दुकानाच्या चार शाखा झाल्या की तो आपल्याही दारात येऊन उभा राहतो.

मूळ पद्धती कोणती

संगणकप्रणाली तयार करण्याची जुनी रीत इमारत बांधण्यासारखी होती. प्रथम ग्राहकाच्या सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी. एक टप्पा पुरा झाल्यावरच दुसऱ्यावर उतरावयाचे, म्हणून तिला ‘धबधबा पद्धती’ असे नाव पडले. तिच्यातला दोष असा की, ग्राहकाच्या हाती वस्तू पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षे निघून जात आणि तोवर त्याची गरजच बदललेली असे.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या डोंगराळ ठिकाणी सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी चार मूल्ये व बारा तत्त्वे मांडली. त्यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीला ‘अजाईल’, म्हणजे चपळ, असे नाव मिळाले. तिचे सार थोडक्यात सांगता येते. काम लहान लहान तुकड्यांत करावे, प्रत्येक तुकडा चालू स्थितीत ग्राहकास दाखवावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि पुढची दिशा त्यानुसार ठरवावी.

या विचाराचे सर्वाधिक प्रचलित रूप म्हणजे ‘स्क्रम’. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते १९९५ मध्ये जाहीरपणे मांडले. शब्द रग्बी या खेळातला आहे. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये नव्या वस्तू विकसित करण्याविषयी लिहिलेल्या लेखात ही उपमा प्रथम योजली होती. स्क्रममध्ये पथक साधारणतः दहा किंवा त्याहून कमी जणांचे असते. कामाचा एक फेरा, म्हणजे ‘स्प्रिंट’, जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. रोज पंधरा मिनिटे सर्वांनी भेटून दिवसाच्या कामाची दिशा ठरवावयाची. फेऱ्याच्या अखेरीस ग्राहकास काम दाखवावयाचे आणि आपल्या कार्यपद्धतीत काय सुधारावयाचे, याचाही विचार करावयाचा. व्यापाऱ्यास यात फारसे नवल वाटू नये. दिवसाच्या शेवटी रोजमेळ मिळविल्याशिवाय दुकान न वाढविण्याची शिस्त आपल्याकडे अनेक पिढ्यांची आहे.

माणसे वाढली म्हणजे काय होते

दहा जणांच्या पथकाला ही पद्धती उत्तम मानवते. अडचण सुरू होते ती मोठ्या बँकेच्या अथवा विमा कंपनीच्या प्रणालीवर पाचशे माणसे पाच शहरांतून काम करू लागतात तेव्हा.

आयबीएम कंपनीत एका विशाल प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याचे साधे गणित मांडले. पाच माणसांत परस्परसंवादाच्या दहा जोड्या होतात. दहा माणसांत पंचेचाळीस, पन्नास माणसांत १,२२५ आणि शंभर माणसांत ४,९५०. माणसे दुप्पट केली तर संवादाचा बोजा सुमारे चौपट होतो. म्हणून रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली, तर ते अधिकच रखडते, असा त्यांचा अनुभव होता. लग्नाच्या मांडवात ऐनवेळी वीस नवे वाढपी आणले, तर निम्मा वेळ त्यांना काय कोठे आहे हे सांगण्यातच जातो, हे आपण पाहिलेलेच आहे.

त्याआधी, १९६८ मध्ये, मेल्विन कॉनवे यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले होते. एखादी संस्था जी प्रणाली घडविते, तिची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. ज्या दोन विभागांचे आपसात बोलणे नाही, त्यांनी घडविलेले दोन भागही एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

आंतरशाखा ताळमेळाचा धडा

ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे, त्यांना हा प्रश्न फार जुना वाटेल. भंडारा शाखेने नागपूर शाखेवर ड्राफ्ट काढला, म्हणजे भंडारा शाखा मुख्य कार्यालयाच्या खात्यात जमा नोंद करी. नागपूर शाखा पैसे देताना त्याच खात्यात नावे नोंद करी. दोन्ही शाखांची विवरणे मुख्य कार्यालयात पोहोचल्यावर या दोन नोंदी एकमेकींस जुळावयाच्या. सूचनापत्र टपालात अडकले, शाखेचा सांकेतिक क्रमांक चुकला अथवा रकमेतला एक आकडा उलटसुलट झाला, की नोंद लोंबकळत राही. प्रत्येक शाखेचा रोजमेळ आपापल्या ठिकाणी बिनचूक असूनही संपूर्ण बँकेचा ताळमेळ मात्र लागत नसे. जुन्या, न जुळलेल्या नोंदींच्या आडोशाने अफरातफर करणे सोपे जाई, ही भीतीही होतीच.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या आरंभीच्या कामांत सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या आंतरशाखा ताळमेळाचे काम होते. विखुरलेल्या शाखांचा हिशेब जुळविण्यापासून ज्या कंपनीने आरंभ केला, तिलाच पुढे विखुरलेल्या पथकांचा ताळमेळ कसा लावावयाचा, हा प्रश्न सोडवावा लागला.

संगणकाच्या कामात लोंबकळती नोंद कशी दिसते, त्याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील पथक पैसे भरण्याचा पडदा तयार करते, हैदराबादचे पथक खतावणीचा भाग करते. पुण्याचा भाग रक्कम रुपयांत पाठवितो, हैदराबादचा भाग ती पैशांत आहे असे धरून चालतो. दोन्ही पथकांच्या स्वतंत्र तपासण्या उत्तीर्ण होतात. जोडणी होते तेव्हा पाचशे रुपयांचे पाच रुपये झालेले असतात. ही चूक तीन महिन्यांनी सापडली तर तिच्यावर उभे राहिलेले सारे काम उसवावे लागते. त्याच दिवशी सापडली तर अर्ध्या तासाचे काम. म्हणून सर्व पथकांचे काम निदान दिवसातून एकदा एकत्र जोडून त्याची यंत्राद्वारे आपोआप तपासणी करावयाची, अशी शिस्त रूढ झाली. आजचा ताळा आजच मिळवावा, हा नियम या क्षेत्रानेही स्वतःच्या ठेचांतून स्वीकारला.

मोठ्या पथकांच्या बांधणीचे मार्ग

चपळ पद्धती मोठ्या प्रमाणावर राबविण्यासाठी गेल्या वीस वर्षांत निरनिराळ्या चौकटी पुढे आल्या. डीन लेफिंगवेल यांची ‘सेफ’ ही चौकट २०११ मध्ये आली. तिच्यात पन्नास ते सव्वाशे माणसांच्या अनेक पथकांची मिळून एक ‘आगगाडी’ मानतात. दर आठ ते बारा आठवड्यांनी ही सर्व मंडळी दोन दिवस एकत्र बसून पुढच्या काळाचे नियोजन करतात. कोणते पथक कोणावर अवलंबून आहे, हे सर्वांसमक्ष मांडले जाते.

क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांची ‘लेस’ ही चौकट अगदी वेगळ्या अंगाने जाते. मधले अधिकारी आणि मधल्या बैठका जितक्या कमी तितके बरे, असे ती मानते. पथकाने एखादा सुटा भाग न करता ग्राहकाच्या उपयोगाचे एक काम आरंभापासून शेवटपर्यंत करावे, यावर तिचा भर आहे. कर्जाचा अर्ज घेण्यापासून मंजुरीपत्र देण्यापर्यंतचा सारा मार्ग एकाच पथकाकडे असला, तर दुसऱ्या गावच्या पथकाची वाट पाहत बसण्याचा प्रसंग कमी येतो.

२०१२ मध्ये स्पॉटिफाय या संगीत कंपनीतील पथकांच्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि जगभर तिचे अनुकरण सुरू झाले. बँकिंग क्षेत्रातील प्रसिद्ध उदाहरण नेदरलँड्समधील आयएनजी बँकेचे. २०१५ मध्ये तिने मुख्यालयातील सुमारे साडेतीन हजार कर्मचाऱ्यांची फेररचना केली. नऊ-नऊ जणांची सुमारे ३५० पथके आणि त्यांचे तेरा समूह करण्यात आले. विपणन, उत्पादन आणि संगणक या विभागांतील माणसे, जी पूर्वी फायलींच्या द्वारे एकमेकांशी बोलत, ती एका पथकात आणून बसविली. बँकेची उतरंड जवळून पाहिलेल्या माणसास हा बदल किती अवघड असेल, याची कल्पना येईल.

वाढविण्याऐवजी कमी करूनही काम साधते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने फायली संगणकावर आणण्याचा एक प्रकल्प सुमारे सतरा कोटी डॉलर खर्चूनही २००५ मध्ये सोडून दिला. त्यानंतरचा ‘सेंटिनेल’ हा प्रकल्पही बाहेरच्या कंत्राटदाराकडे रखडला, तेव्हा २०१० मध्ये यंत्रणेने तो स्वतःच्या हाती घेतला, माणसे कमी केली आणि चपळ पद्धतीने लहान फेऱ्यांत काम चालविले. जुलै २०१२ मध्ये ती प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली. पथके वाढविण्याआधी ती वाढविणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा.

टीसीएसचा प्रयोग

अजाईलच्या मूळ तत्त्वांत समोरासमोरच्या संभाषणाला फार मोठे स्थान आहे. भारतीय कंपन्यांची अडचण नेमकी येथेच होती. ग्राहक न्यूयॉर्कला, पथक पुण्याला आणि दुसरे पथक चेन्नईला, अशा स्थितीत समोरासमोर कसे बसावयाचे? टीसीएसने यासाठी ‘लोकेशन इंडिपेंडंट अजाईल’, म्हणजे स्थलनिरपेक्ष चपळ पद्धती, या नावाचा स्वतःचा नमुना तयार केला आणि २०२० पर्यंत संपूर्ण कंपनीच या पद्धतीवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या कंपनीत ४,४८,४६४ कर्मचारी होते. काही आठवड्यांतच त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण घरून काम करू लागले. विखुरलेल्या पथकांची सवय आधीपासून नसती, तर हे इतक्या वेगाने घडणे कठीण होते. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केले की, २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत तेव्हा आनंद झाला. मुलगा घरी, पगार शहराचा आणि जेवण आईच्या हातचे!

पुढे वारे फिरले. २०२३ मध्ये याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलाविले. महामारीच्या काळात भरती झालेल्या कित्येकांनी कार्यालय पाहिलेलेच नव्हते. ज्येष्ठांच्या सहवासात शिकणे आणि संस्थेची रीतभात अंगी बाणणे यासाठी प्रत्यक्ष उपस्थिती हवी, असे कंपनीचे म्हणणे पडले. ज्यांनी घरून काम कायमचे राहणार असे धरून गावात घर वाढविले, त्यांना पुन्हा शहरात भाड्याचे घर शोधावे लागले. येथे कोणास दोष देण्याचा हेतू नाही. काम दुरून होऊ शकते, हे सिद्ध झाले. परंतु कोवळ्या वयाच्या माणसास काम शिकविणे दुरून तितके साधत नाही, हेही दिसून आले. गादीवर शेजारी बसवून नातवास भाव करणे शिकविणाऱ्या आजोबांस हे निराळे सांगावयास नको.

हुंडीची साक्ष

दूरवरच्या माणसांनी विश्वासाने एकत्र काम करणे आपल्या व्यापारास अपरिचित नाही. दर्शनी हुंडी एका पेढीवर लिहिली जाई आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या पेढीवर सकारली जाई. ना तार, ना दूरध्वनी. हे साधत होते त्याची कारणे स्पष्ट होती. हुंडीचा मायना ठरलेला असे, त्यामुळे कोणत्याही पेढीवरचा मुनीम तो वाचू शके. हुंडी सकारावयाची की नाही, हा निर्णय मुनीम जागेवर घेई. हरवलेल्या हुंडीबद्दल ‘पेठ’ देण्याची रीतही आधीच ठरलेली असे.

आपल्या जिल्ह्यातील कोशाच्या कापडाचे पाहा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोश वाढविणारा एक, सूत काढणारा दुसरा, मोहाडी-आंधळगावकडे मागावर विणणारा तिसरा. प्रत्येक जण आपल्या घरी काम करतो. सूत कसे हवे आणि पन्हा किती हवा, हे मात्र सर्वांना ठाऊक असते. आधुनिक भाषेत पथकांमधील देवघेवीचा ठरलेला मसुदा, जागेवर निर्णयाचा अधिकार आणि ‘काम पूर्ण झाले’ याची सर्वांना मान्य व्याख्या, असे जे म्हणतात ते हेच होय. माल पाठविला, माल पोहोचला आणि पैसे जमा झाले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यांतील कोणत्या क्षणी सौदा पुरा झाला असे मानावयाचे, हे ठरले नसेल तर सख्ख्या भावांतही वाद होतो.

घड्याळाचा भार

विखुरलेल्या पथकांचा सर्वांत जड भाग घड्याळाचा आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेथे सकाळचे नऊ म्हणजे येथे सायंकाळचे साडेसहा अथवा साडेसात. कॅलिफोर्नियाचा ग्राहक असेल तर रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. उन्हाळ्यात भंडाऱ्यास सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात पानावर बसण्याची वेळ आणि बैठकीची वेळ नेमकी एकच येते. सून पान वाढून दार ठोठावते आणि आतून हाताने थांबण्याची खूण होते, हे दृश्य आता आपल्या घरांत नित्याचे झाले आहे.

यावर उपाय आहेत आणि जाणत्या कंपन्या ते योजतात. दोन्हीकडचे समान तास केवळ निर्णयासाठी राखून ठेवावेत, बाकीची माहिती लिहून द्यावी. गैरसोयीची वेळ दोन्ही देशांनी आलटून पालटून सोसावी. निर्णयाचा अधिकार असणारा एक माणूस येथील पथकातही असावा, म्हणजे प्रत्येक शंकेसाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. हे नसेल तर पंधरा मिनिटांची बैठक दीड तास चालते, मुलगा दिवसा येथील वरिष्ठांचा आणि रात्री तेथील ग्राहकाचा होतो, आणि पद्धतीचे नाव ‘चपळ’ असूनही माणूस मात्र थकून जातो.

आपण काय पाहावे

ज्यांची मुले या क्षेत्रात आहेत अथवा जाऊ इच्छितात, त्यांनी पगाराच्या आकड्याबरोबर चार गोष्टी विचाराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पथकात माणसे किती आणि ती कोणकोणत्या शहरांत आहेत? ग्राहकाच्या वतीने निर्णय घेणारा कोठे बसतो? रात्रीच्या बैठका आठवड्यातून किती? पहिल्या दोन वर्षांत शिकविणारा ज्येष्ठ सहकारी जवळ असेल काय? भंडाऱ्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवरील नागपुरात पर्सिस्टंटचे केंद्र आहे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रे आहेत. नव्याने नोकरीस लागणाऱ्यास प्रत्यक्ष कार्यालयाचा सहवास आणि घरचे सान्निध्य या दोहोंचा मेळ तेथे बसू शकतो. मात्र घरून कामाची आजची सवलत ही कायमची सोय आहे, असे मानून दुकान विकण्याचे अथवा मोठे कर्ज काढण्याचे निर्णय घेऊ नयेत.

आणि ज्यांच्या दुकानांच्या शाखा वाढत आहेत, त्यांनी मुलांकडून ही पद्धती अवश्य समजून घ्यावी. प्रत्येक शाखेची रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटांची बोलणी, दर पंधरवड्यास एक ठरलेले काम पुरे करून दाखविणे, त्यानंतर कोणास दोष न देता काय सुधारावे याची चर्चा, आणि ठरावीक रकमेपर्यंतचा निर्णय शाखेवरील माणसाने स्वतः घेणे, एवढ्यावरच आरंभ करता येईल. यातील शेवटची गोष्ट आपल्याला सर्वांत कठीण जाते. तुमसरच्या शाखेतील पुतण्याने पाच हजारांची सूट देण्यापूर्वी भंडाऱ्यास दूरध्वनी करावयाचा असेल, तर बैठका कितीही घेतल्या तरी ग्राहक तोवर समोरच्या दुकानात जातो. ज्याला शाखा सोपविली, त्याला निर्णयही सोपवावा. आणि हिशेब मात्र रोजच्या रोज, दोन्ही बाजूंनी जुळवून घ्यावा.